रिलेचा तिसरा पाय

मी तीस वर्षं जळगावात सर्किट बोर्ड बनवले आणि तीस वर्षं लोकांनी मला विचारलं, "रेडिओ दुरुस्त करता का?" सुरुवातीला राग यायचा. नंतर मी रेडिओही दुरुस्त करू लागलो. आता संपादकसाहेबांचं पत्र आलंय की व्यवसायातले अनुभव लिहून पाठवा. त्यांच्याही घरी बहुतेक एखादा बंद रेडिओ असणार.

मी मूळचा धुळ्याचा. डिप्लोमा तिथंच केला, आणि धुळ्यात आपल्याला कोणी विचारत नाही हे कळल्यावर जळगावात आलो. इथंही कोणी विचारत नव्हतं, पण परक्या गावात त्याचं वाईट कमी वाटतं. केसरीचंदशेठचं पंखे आणि कूलरचं दुकान होतं, त्यांच्या मागची खोली मला भाड्यानं मिळाली. शेठ जैन, अत्यंत सज्जन, आणि त्यांच्या अटी दोनच. खोलीत कांदा-लसूण आणायचा नाही, आणि अंड्याचं तर नावही काढायचं नाही. माझ्या डब्यात लसणाची चटणी असली की मी ती स्कूटरच्या डिकीत ठेवून, रस्त्यावर उभा राहून खायचो.

आता हा धंदा काय होता ते सांगतो. नव्वदीच्या सुरुवातीला मुंबईहून हौशी लोकांसाठी तयार मॉड्यूल मिळायचं. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर एक मायक्रोकंट्रोलर, प्रोग्रॅम ठेवायची एक चिप आणि कडेला पिनांची रांग. हे झालं डोकं. नुसतं डोकं घेऊन काय करणार? त्याला वीज देणारं पोट, तापमान कळणारी कातडी, मोटार चालू-बंद करणारे हात असं सगळं एका मोठ्या बोर्डावर बसवावं लागतं, आणि त्या बोर्डावर मधोमध हे डोकं टोचायचं. तो मोठा बोर्ड गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे आखून, बनवून देणं हा माझा धंदा.

बनवायची रीत तेव्हा हातानंच होती. आधी बटर पेपरवर आखणी करायची. मग एका बाजूला तांबं चिकटवलेल्या फायबरच्या पत्र्यावर कार्बन पेपर ठेवून ती आखणी गिरवायची. जिथं तांबं राहायला हवं तिथं नेलपॉलिश लावायचं आणि पत्रा फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवून हलवत बसायचं. उघडं तांबं विरघळतं, नेलपॉलिशखालचं शिल्लक राहतं, त्याच आपल्या तारा. नेलपॉलिश घ्यायला मीच जायचो. गडद लाल, एका वेळी चार बाटल्या. दुकानदारीण सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, ओळखत होती आणि सुनंदाच्या नखांवर कधी रंग दिसत नाही हेही तिला माहीत होतं. सहा महिने ती बाई माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची, ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. शिरपूरच्या एका जिनिंगवाल्यांना मी कापसाच्या गाठी मोजायचा बोर्ड करून दिला. त्यांनी डबा हातात घेऊन तोलला आणि म्हणाले, फार हलका आहे, आत काही आहे का? मी डबा परत आणला, आत लोखंडाची एक पट्टी स्क्रूनं बसवली, समोर कशालाही न जोडलेले तीन दिवे लावले आणि परत नेऊन दिला. ते खूश झाले. पिंपळनेरच्या एका हेडमास्तरांनी तास संपल्याची घंटा आपोआप वाजवणारं यंत्र मागितलं. यंत्र अगदी वेळेवर वाजायला लागलं, आणि पंधरा दिवसांत शिक्षकांनी ते बंद पाडलं. गुरुजी लोकांना घंटा शिपायाच्या हातात असलेली परवडते, कारण शिपायाला डोळ्यानं खुणावता येतं.

पण सांगायची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात माझी चूक आहे. एकच चूक मी दोनदा केली.

नशिराबादच्या अक्का एक दिवस दुकानात आल्या. पन्नाशीच्या, घरची केळीची बाग, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. बाग दीर बघायचे. त्यांना सगळे आबा म्हणत. अक्कांनी कुठल्याशा प्रशिक्षणात कोंबडीची अंडी यंत्रात उबवून पिल्लं विकायचा धंदा पाहिला होता आणि तो त्यांच्या डोक्यात बसला होता. सुतारानं थर्माकोल लावून कपाटाएवढी पेटी बनवून दिली होती. आत नऊशे अंडी राहतील अशा जाळ्या होत्या. हवा होता तो पेटीतलं तापमान एकवीस दिवस साडेसदतीस अंशावर धरून ठेवणारा बोर्ड. मोठ्या कंपनीचं यंत्र घेणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

आबांनी त्यांना शेतावरची खताची खोली रिकामी करून दिली होती, पण अट घालून. एकच खेप. पिल्लं निघाली तर खोली अक्कांची, नाही निघाली तर खोलीत परत खताच्या गोण्या, आणि अक्कांनी ओसरीवर बसून पापड लाटायचे. हे पापडाचं आबा चारचौघांत म्हणाले होते. अक्का मला ते सांगताना हसत होत्या, पण त्यांची बोटं पदराशी चाळा करत होती. मी लगेच हो म्हटलं. असलं काम मी कधी केलं नव्हतं, पण हे मी कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगत नसे.

शेठना काय सांगायचं हा प्रश्न होता. अक्कांना मी हळूच म्हटलं की दुकानात अंडी म्हणायचं नाही. मग आम्ही त्या यंत्राला 'गरम पेटी' म्हणू लागलो. "अक्का, गरम पेटीत माल कधी भरणार?" असं मी पुढच्या दुकानात मोठ्यानं विचारायचो, पेटी दिवसातून तीनदा फिरवावी लागेल असं अक्का सांगायच्या, आणि शेठ वहीतून मान वर न काढता पंख्यांच्या पात्यांचा हिशेब मांडत बसायचे.

आता चूक ऐका. बोर्डाची आखणी मी बटर पेपरवर वरून दिसेल तशी केली होती, आणि कोपऱ्यात झोकात माझं नाव लिहिलं होतं. तांब्यात नाव कोरलेला बोर्ड म्हणजे काय रुबाब! पण तांबं असतं पत्र्याच्या खालच्या बाजूला. त्यामुळे आखणी गिरवताना कागद उलटा ठेवावा लागतो, आरशात दिसतं तसा. हे पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. मीही कागद बरोबर उलटा ठेवला. मग बघतो तर माझं नाव उलटं दिसतंय. मी स्वतःशी म्हटलं, अरेच्चा, कागद चुकला वाटतं! आणि नाव सरळ दिसेल असा कागद फिरवला. नाव सरळ आलं, बाकी सगळा बोर्ड उलटा झाला.

मॉड्यूल टोचलं, वीज दिली. जिथं पाच व्होल्ट यायचे तिथं जमीन, म्हणजे शून्य व्होल्ट, आली आणि जमिनीच्या जागी पाच व्होल्ट. एक बारीक धुराची रेघ निघाली, करपल्याचा वास आला आणि डोकं गेलं. नवीन मॉड्यूल मुंबईहून पोस्टानं मागवायचं म्हणजे सहा आठवडे. ते आलं तेव्हा थंडी संपून गेली होती. अक्कांना मी पोस्टाचं कारण सांगितलं. त्या भल्या बाई, पोस्टाला दोन शिव्या देऊन थांबल्या.

दुसरा बोर्ड मी नीट केला. कागद उलटाच ठेवला आणि नाव मात्र नंतर हातानं, वेगळं, सरळ लिहिलं. आणि या वेळी मोठं लिहिलं. पहिल्यांदा नावानं दगा दिला होता, त्याचं उट्टं काढायचं होतं जणू. जागा सापडली ती रिलेच्या शेजारी.

रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. त्याच्या तोंडाला तीन पाय असतात. मधल्या पायाला वीज द्यायची. रिले चालू झाला की ती वीज एका पायाला मिळते, बंद झाला की दुसऱ्या पायाला. माझ्या बोर्डात पेटी थंड झाली की रिले चालू आणि हीटर सुरू, पेटी पुरेशी तापली की रिले बंद आणि हीटरही बंद. बंद असताना ज्या पायाला वीज मिळते त्या तिसऱ्या पायाचं काम काय? काहीच नाही, असं मला वाटलं. म्हणून त्याची तांब्याची रेघ मी काढलीच नाही. तिथं नाव टाकलं.

जळगावच्या माणसानं असा बोर्ड करावा याची आजही मला लाज वाटते. पुस्तकातले सगळे बोर्ड थंड देशातले, त्यांना फक्त गरम करायची चिंता. मी ते पुस्तक उघडून, एप्रिलच्या तोंडावर, अंगावर ओला पंचा घेऊन बसलो होतो आणि हीटर किती वॅटचा लावावा याचा हिशेब करत होतो. डोक्यात एकदाही आलं नाही की या गावात मे महिन्यात पेटीला ऊब कोण मागणार आहे.

अक्कांनी अंडी भरली. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल, आणि दिवसातून तीन वेळा नऊशे अंडी हातानं फिरवायची. पहिले पंधरा दिवस काटा साडेसदतीसवर असा बसला होता की मी जाईन तेव्हा त्या पेटीसमोर पाच मिनिटं नुसता उभा राहायचो. अक्का चहा करायच्या. आबा बाहेर बाजेवर बसून म्हणायचे, काय साहेब, तुमची पेटी अजून पेटली नाही का?

अठराव्या दिवशी दुपारी अक्का घामाघूम होऊन दुकानात आल्या. शेठ समोरच बसले होते. अक्कांना काही भान नव्हतं.

"भाऊ, हीटरचा लाल दिवा बंद हाये, तरी काटा वरच चालला," त्या म्हणाल्या. "खरं सांगजो. बठ्ठे, सगळेच मरतीन का?"

मी त्यांना स्कूटरवर बसवलं आणि निघालो. खोलीत शिरलो तेव्हा बाहेरच्या भिंतीवरचा थर्मामीटर चव्वेचाळीस दाखवत होता आणि पेटीतला साडेएकोणचाळीसच्या जवळ आला होता. बोर्ड अगदी बरोबर चालला होता. हीटर बंद, रिले बंद, सगळं माझ्या प्रोग्रॅमप्रमाणे. त्याला फक्त तापवणं येत होतं, आणि तापवायची गरज नाही म्हणून तो गप्प बसला होता. शेवटच्या दिवसांत अंड्यातली पिल्लं स्वतःही उष्णता सोडतात, हे मला तिथं उभं असताना अक्कांनी सांगितलं. पेटीचं दार उघडलं तर बाहेरची हवा आतल्याहून गरम. मी दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. अक्का माझ्याकडे बघत होत्या आणि मला त्यांच्या नजरेला नजर देता येत नव्हती. दाराशी आबा येऊन उभे राहिले. 

आणि मग माझं लक्ष बोर्डाकडे गेलं. रिलेचा तिसरा पाय. हीटर बंद झाला की ज्याला वीज मिळते, तो. त्याला कूलर जोडला तर पेटी तापली की आपोआप गार हवा सुरू होईल, पुरेशी गार झाली की बंद पडेल. प्रोग्रॅम बदलायला नको, काही नको. पाय तिथंच होता, रिकामा. मी अक्कांना म्हटलं, अंड्यांवर ओलं फडकं धरा आणि वारा घाला, तासाभरात येतो. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, हंड्यात बुडवलं आणि पिळत आत गेले.

दुकानात पोहोचलो तेव्हा शेठ दारातच उभे होते. कूलर हवा म्हटलं. कशाला, असं ते विचारतील आणि मी गरम पेटीचं काहीतरी सांगेन, असं मी रस्ताभर ठरवत आलो होतो. त्यांनी वेगळंच विचारलं.

"मोहनभाऊ, आत जीव आहे का?"

माझ्या तोंडातून खोटं निघालं नाही. "आहे शेठ. अठरा दिवसांचा."

"किती?"

"नऊशे."

दुकानात नमुन्याला लावलेला सगळ्यात मोठा कूलर, ज्याच्यासमोर शेठ स्वतः बसायचे, तो त्यांनी स्वतः हात लावून टेंपोत चढवला. मी दोरी बांधत असताना म्हणाले, "दिवसातून तीनदा फिरवावी लागते अशी पेटी मी आयुष्यात ऐकली नाही. मला काय कळत नाही का?"

नशिराबादला पेटीच्या बाजूला करवतीनं भोक पाडलं आणि कूलरचं तोंड त्याला लावलं. मग बोर्ड उलटा केला. तिसऱ्या पायाला तार जोडायची तर भोवतालचं तांबं खरवडून काढायला हवं होतं, नाहीतर वीज भलतीकडे पळाली असती. तिथं माझं नाव होतं. ब्लेड घेतलं आणि खरवडलं. 'मोहन' गेलं, आडनावही गेलं. ज्या नावासाठी एक मॉड्यूल जाळलं, दीड महिना घालवला, अक्कांची खेप उन्हाळ्यात ढकलली, ते नाव पाच मिनिटांत भुसा झालं. तारेला कथलाचा डाग दिला, वीज चालू केली. रिले टक् करून बोलला आणि कूलर घरघरला. काटा थांबला, मग हळूहळू खाली सरकू लागला. अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मीही रडलो असतो, पण आबा बघत होते.

तीन दिवसांनी पिल्लं निघाली. सगळी नाही. दीडशेच्या वर अंडी तशीच राहिली. कोणी सांगितलं, एवढी तर सगळीकडेच राहतात. मला ते पटत नाही. त्या दुपारी किती गेली आणि आधीच किती गेली होती हे कोणाला कळणार? मी ती सगळी माझ्याच माथी धरतो. बाकीची मात्र अशी काही चिवचिवत होती की आबा बाजेवरून उठून तीन वेळा आत डोकावून गेले. खोली अक्कांची झाली. गोण्या परत आल्या नाहीत, आणि पापडाचा विषय आबांनी पुन्हा काढला नाही.

चौथ्या दिवशी शेठ म्हणाले, मला बघायचंय. मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून नेलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना माझ्या स्कूटरवर बसवलं होतं आणि डिकीत लसणाची चटणी होती. ते खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबले. अक्कांनी एक पिल्लू आणून त्यांच्या तळहातावर ठेवलं. शेठनी त्याच्यावर दुसऱ्या हाताची सावली धरली. मग त्यांनी विचारलं, हे पुढं कुठं जाणार? मी शेठच्या मागून अक्कांना खुणावत होतो, हात जोडत होतो, सांगा पाळायला जातील म्हणून.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "शेठजी, तुमच्यापाशी खोटं नाही बोलत," त्या म्हणाल्या. "मोठे झाले का विकले जातीन. अन् मग लोकं खातीन."

शेठनी ते पिल्लू दोन्ही हातांनी अक्कांच्या ओंजळीत परत दिलं. रुमालानं हात पुसले नाहीत, हे मला आठवतं. आता कूलर काढून न्यायला सांगतील, असं मी धरून चाललो होतो. मनात म्हणालो, एका बाईच्या खरेपणानं आणि माझ्या खोटेपणानं मिळून सगळं बुडालं.

"कूलर इथंच राहू द्या," शेठ म्हणाले. "पुढचं आपल्या हातात नाही. आत असेपर्यंत तरी ऊन लागायला नको."

त्यानंतर दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी दुकानातल्या कूलरांना वाळ्याच्या नव्या ताट्या यायच्या, तेव्हा शेठ तीन ताट्या वेगळ्या काढून माझ्या खोलीच्या दाराशी उभ्या करून ठेवायचे. कोणासाठी हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. स्कूटरवर बांधायच्या आणि नशिराबादला नेऊन द्यायच्या. खोलीतल्या अटी मात्र तशाच राहिल्या. कांदा-लसूण नाही, आणि अंड्याचं नाव नाही. आम्ही शेवटपर्यंत गरम पेटीच म्हणत राहिलो.

पुढं मी कितीतरी बोर्ड केले. मग पुण्या-मुंबईहून कंपनीचे तयार बोर्ड स्वस्तात यायला लागले आणि माझी नेलपॉलिशची खरेदी थांबली. दुकानदारीण खोचकपणे म्हणाली, वहिनींनी रंग लावणं सोडलं वाटतं! पण अक्कांच्या त्या बोर्डानंतरच्या माझ्या प्रत्येक बोर्डावर, काम असो वा नसो, रिलेच्या तिसऱ्या पायाला तांब्याची रेघ आहे. नाव एकावरही नाही.

शेठ गेले त्या वर्षी उन्हाळा फार लवकर आला. आखाजीला चार दिवस होते. मी सवयीनं दाराशी बघितलं, तिथं ताट्या नव्हत्या. मग बाजारात गेलो, तीन ताट्या घेतल्या आणि स्कूटरवर बांधल्या. अक्कांनी त्या उतरवून घेतल्या, नवा वाळा हुंगला आणि म्हणाल्या, "शेठजींनी याही साली आठवण ठेवली."

मी हो म्हटलं.